अडून बसलेला बोल्ट

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, तेलंगणाला लागून, बिलोली हा तालुका वसलेला आहे. मांजरा नदी या भागातून वाहत जाऊन पुढे गोदावरीस मिळते. येथील अनेक शेतकऱ्यांच्या दारी आता जीप किंवा ट्रॅक्टर उभा दिसतो. गाव आडवळणाला असले म्हणजे प्रत्येक लहानसहान दुरुस्तीसाठी मिस्त्र्याकडे धाव घेणे परवडत नाही. काही कामे घरच्या अंगणातच उरकावी लागतात.

अशा एका अंगणातील प्रसंग आपण डोळ्यांपुढे आणू. पावसाळा नुकताच संपला आहे. जुन्या जीपच्या इंजिनाला थंड ठेवणारा पाण्याचा पंप गळू लागला आहे. तो बदलण्यासाठी चार बोल्ट काढावयाचे आहेत. तीन निघाले, चौथा मात्र जागचा हलत नाही. सोयाबीनची पोती बाजारात न्यावयाची असल्यामुळे घरातील तरुणाला घाई झाली आहे. तो दातओठ खाऊन पाना ओढतो आणि शेवटी पान्यावर लाथ मारण्यासाठी पाय उचलतो. तोच ओट्यावर बसलेले आजोबा म्हणतात, "थांब रे बाबा! बोल्ट तुटला तर पोती आणि गाडी दोन्ही इथेच राहतील."

आजोबांचे म्हणणे खरे आहे. बोल्टचे डोके तुटले की त्याचा दांडा आतच अडकून राहतो. मग तो छिद्र पाडून काढावा लागतो, आणि कधी कधी नवे आटेही पाडावे लागतात. अर्ध्या तासाचे काम कित्येक दिवसांवर जाते आणि खर्चही वाढतो. म्हणून जोर लावण्यापूर्वी बोल्ट का अडला आहे, हे समजून घेतले पाहिजे.

बोल्टचा आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला जणू एक घाटरस्ताच होय. बोल्ट पिळत गेले की दांडा किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन भागांना घट्ट आवळून धरतो. दाब वाढला की घर्षणही वाढते, हा नियम आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ साली मांडला. बोल्ट पिळताना आपण जो जोर लावतो, त्यातील फार मोठा भाग या घर्षणावर मात करण्यातच खर्च होतो. तेच घर्षण पुढे बोल्टला सैल होऊ देत नाही.

त्यात गंजाची भर पडते. ओलावा आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगाने लोखंडावर गंज चढतो. जितके लोखंड गंजते, त्याच्या दुपटीहून अधिक जागा गंज व्यापतो. आट्यांमधील अरुंद फटीत ही जागा कोठून मिळणार? गंज तेथे पाचरीसारखा ठासून बसतो.

तेव्हा उपायही या दोन कारणांवरच योजावे लागतात. प्रथम इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तारेच्या ब्रशाने बोल्टभोवतीची माती व गंज खरवडून काढावा. मग त्याच्या बुडाशी पातळ तेलाचे थेंब सोडावेत. गंज सोडविणारे असे तेल बाजारात तयार मिळते. समईची वात जसे तेल वर ओढून घेते, तसेच ही बारीक फट तेल आत ओढून घेते. मात्र त्यास वेळ लागतो. पुनःपुन्हा तेल सोडून रात्रभर वाट पाहिल्यास उत्तम.

त्यानंतर हातोडीने बोल्टच्या डोक्यावर सरळ, हलके ठोके द्यावेत. ठोक्यांच्या कंपनाने गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

आता पाना निवडावयाचा. उघड्या तोंडाचा पाना बोल्टच्या दोनच बाजू धरतो, तर रिंग पाना सहाही कोपऱ्यांना कवेत घेतो. सैल पान्याने कोपरे झिजतात, आणि मग कोणताच पाना लागू पडत नाही. पान्याची लांबीही महत्त्वाची आहे. तीस सेंटिमीटरच्या पान्यावर वीस किलो वजनाइतका जोर लावल्यास जे कार्य होते, तेच साठ सेंटिमीटरच्या पान्यावर दहा किलोने होते. पण याच कारणाने लांब पाना जपून वापरावा. मोठा जोर बोल्ट सोडवू शकतो, तसा तोडूही शकतो.

अनुभवी मिस्त्री आणखी एक युक्ती करतात. बोल्ट सोडविण्याआधी ते त्यास क्षणभर उलट, म्हणजे आवळण्याच्या दिशेने, किंचित रेटतात. त्यामुळे गंजाची पकड मोडते. एकदा का बोल्ट केसभर हलला, की पुढचे काम सोपे होते. कारण स्थिर वस्तू हलविण्यास जितका जोर लागतो, तितका हलती वस्तू चालू ठेवण्यास लागत नाही. पुढेही तो थोडा सोडावा, थोडा आवळावा, पुन्हा तेल द्यावे, अशा रीतीने बाहेर काढावा.

इतक्यानेही बोल्ट न निघाल्यास कारखान्यात त्याच्याभोवतीचा भाग तापवतात. दहा सेंटिमीटर लांबीची पोलादी कांब शंभर अंश सेल्सिअसने तापविली, तर ती सुमारे ०.१२ मिलिमीटरने वाढते. एवढीशी वाढही गंजाची पाचर ढिली करण्यास पुरेशी ठरते. परंतु इंधन व तेल यांच्याजवळ ज्योत नेणे अत्यंत धोक्याचे आहे. हे काम जाणत्या मिस्त्र्यानेच करावे. घरी कोणी करू नये.

अंगणातील त्या तरुणाने पाय खाली घेतला, तेल सोडले आणि पाना बाजूस ठेवला. सकाळी त्याने हलके ठोके देऊन पाना लावला, तेव्हा 'कट्' असा आवाज झाला आणि बोल्ट अखंड बाहेर आला. नवा पंप बसविताना तो तोच बोल्ट लावू लागला. आजोबांनी विचारले, "आटे साफ केलेस का?" त्याने आटे ब्रशाने स्वच्छ केले, त्यांवर वंगणाचा पातळ हात फिरविला आणि बोल्ट बेताने आवळला. पुढे कधीतरी हाच बोल्ट पुन्हा सोडावा लागेल. तेव्हा तो सहज सुटेल की अडून बसेल, हे बरेचसे आजच ठरले होते.