लेकराने विषारी बाटली तोंडाला लावली तर



पोळ्याच्या सुमारास कपाशी कमरेला लागते, बोंडअळीची धास्ती सुरू होते आणि आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात घरोघरच्या ओसरीवर फवारणीचा पंप दिसू लागतो. पंपाशेजारी औषधाची बाटली असते, मापाचे झाकण असते, आणि पंप इंजिनाचा असेल तर पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेले पेट्रोल असते. त्याच ओसरीवर आपले लेकरूही रांगत असते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी एक तरुण बाप धावत माझ्याकडे आला. "फादर, गाडी काढा, पोट्ट्यानं पेट्रोल पेलं." मूल दीड वर्षाचे होते. मी पोचलो तेव्हा आजी त्याला मांडीवर पालथे घालून घशात बोट घालीत होती. शेजारी मिठाच्या पाण्याचा पेला रिकामा पडला होता. मूल दोनदा ओकले होते आणि आता सारखे खोकत होते, नाकपुड्या फुलत होत्या. वाटेत आईने मला सांगितले की ते एकच घोट प्याले होते आणि ओकेपर्यंत बरे होते. पुढे नागपूरला अकरा दिवस काढून ते वाचले. डॉक्टरांनी जे समजावले ते मी तेव्हापासून प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांना सांगत आलो आहे. आज ते येथे लिहितो.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, थिनर हे पदार्थ पातळ आणि निसरडे असतात. पोटात गेलेला एखादा घोट बहुधा तेवढे नुकसान करीत नाही. तेच ओकारीबरोबर वर आले आणि त्यातले चार थेंब श्वासनळीत उतरले की फुप्फुस सुजते आणि मुलाला न्यूमोनिया होतो. म्हणजे आजीने मायेने जे केले त्यानेच मूल जास्त आजारी पडले. तिचा दोष म्हणवत नाही. आमच्या लहानपणी आरोग्याच्या पुस्तकांतूनच "विष घेतल्यास उलटी करवावी" असे छापलेले असे. पुढे डॉक्टरांचे मत बदलले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर 2003 साली उलटीचे औषधसुद्धा घरात ठेवू नका असे सांगितले. मिठाचे पाणी तर लहान मुलाच्या रक्तातले मीठ इतके वाढवू शकते की त्यानेच जीव जावा. म्हणून घशात बोट नाही, मिठाचे पाणी नाही, ताक नाही, तूप नाही, लिंबू नाही, चुलीतला कोळसाही नाही.

मग करावे तरी काय, असे माताभगिनी विचारतील. आधी हातातून बाटली काढून घ्यावी, तोंडात काही उरले असेल तर ओल्या फडक्याने पुसावे. कपड्यांवर सांडले असेल तर कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे, कारण फवारणीचे औषध कातडीतूनही आत जाते. धुणाऱ्याने आपल्या हातावर प्लास्टिकची पिशवी तरी चढवावी. मूल शुद्धीत नसेल तर त्याला डाव्या कुशीवर निजवावे, तोंडात काहीही घालू नये. आणि निघावे. 108 ला फोन करावा. गाडी यायला वेळ लागेल असे वाटले तर शेजाऱ्याची मोटरसायकलही चालेल, मात्र मुलाला मागे कोणीतरी कुशीवर धरून बसावे. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारे केंद्र आहे, 1800 116 117 हा त्यांचा बिनपैशाचा क्रमांक रात्रंदिवस चालतो. वाटेत त्यांच्याशी बोलता येईल. त्यासाठी घरी थांबू नये.

सर्व विषे एकसारखी नसतात, हेही ध्यानात असावे. फवारणीच्या औषधाने मुलाला लाळ सुटते, घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत घरघर होते, हातपाय थरथरतात. यावर ॲट्रोपिन नावाचे इंजेक्शन असते आणि ते वेळेत मिळाले तर मूल परत येते. म्हणून आधी भगत आणि मग डॉक्टर असा क्रम लावू नये. उंदराची काळी पावडर खाल्ली असेल तर पाणीसुद्धा पाजू नये, कारण पोटात ओल लागली की तिचा विषारी वायू होतो. गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्या. उंदराच्या ट्यूबमधल्या मलमाची तऱ्हा आणखी फसवी आहे. ते चाटलेले मूल एक-दोन दिवस अगदी चांगले खेळते आणि मग यकृत निकामी होते. "खेळतंय की" म्हणून घरी ठेवू नये.

संत्र्याच्या बागवाल्यांकडे मोरचूद आणि चुना असतोच. डिंक्यासाठी झाडाच्या बुंध्याला बोर्डोचा लेप लावायला आपण ते आणतो, उरलेले निळे खडे कागदाच्या पुडीत कोनाड्यात पडून राहतात. लेकराला ती खडीसाखर वाटली तर नवल नाही. मोरचूद, चुना, कॉस्टिक सोडा, संडास धुण्याचे ॲसिड ही जाळणारी द्रव्ये आहेत. मूल जागे असेल आणि त्याला गिळता येत असेल तर साध्या पाण्याचे एक-दोन घोट द्यावे, जास्त नाही. उलटी करवली तर जळलेला घसा दुसऱ्यांदा जळतो.

बाटली बरोबर न्यावी. ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी सांगतो, कारण घाबरलेला माणूस ती रागाने उकिरड्यावर भिरकावतो. औषधाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. त्याच चिठ्ठीवर उताराही लिहिलेला असतो. डॉक्टरला बाटली दिसली तर त्याची अर्धी रात्र वाचते. गेल्या काळात आपल्याच शेजारी काय झाले ते आपण विसरलेलो नाही. पांढुर्णा 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला, तोवर परासिया आणि आपण एकाच छिंदवाडा जिल्ह्यातले होतो. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तेथील आईबापांनी खोकल्यासाठी कोल्ड्रिफ नावाचे औषध आपल्या हाताने पाजले आणि वीसहून अधिक लेकरे मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. कित्येकांना नागपूरला नेले होते. तामिळनाडूच्या प्रयोगशाळेत त्या औषधात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. हे द्रव्य कारखान्यांत वापरायचे आहे, मुलांच्या औषधातले नव्हे. बाटल्या तपासल्या गेल्या म्हणूनच कारण कळले. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत असे केंद्राच्या आरोग्य खात्याने त्यानंतर कळविले आहे. कोणतेही औषध दिल्यावर मुलाची लघवी थांबली तर त्याच क्षणी निघावे आणि ती बाटली खिशात घालावी.

आता थोडे नाजूक बोलतो. त्या दिवशी इस्पितळाच्या दारात त्या आईने डॉक्टरला "दूध पिताना ठसका लागला" असे सांगितले. मी मागे उभा होतो. मला सांगावे लागले, आणि तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते. तिला सासूची भीती होती आणि पोलिसांचीही. विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते हे खरे. पण 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. डॉक्टरला काय, किती आणि केव्हा प्याले, घरी काय पाजले, हे सारे खरे सांगावे. आणि "पोट धुवा, पोट धुवा" म्हणून त्याच्या अंगावर जाऊ नये. पेट्रोल-रॉकेल प्यालेल्याचे पोट सहसा धुवत नाहीत, ते याच कारणासाठी की ते फुप्फुसात उतरू नये. मूल बरे दिसले तरी डॉक्टर काही तास ठेवून घेतात, तेव्हा कुरकुर करू नये.

सासवांनाही माझे सांगणे आहे. सुनेला त्या घटकेला बोल लावला तर ती पुढच्या वेळी तुमच्यापासूनही लपवील. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कोणी भरले, हे विचारायचे असेल तर बहुतेक घरांत उत्तर पुरुषाकडे जाईल.

भांड्याचा हा घोळ किती महाग पडतो ते बिहारने पाहिले. 16 जुलै 2013 रोजी सारण जिल्ह्यातील धर्मासती गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन जेवून 23 मुले गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. हे आपल्या कपाशीवर वर्षानुवर्षे मारले गेलेले औषध. भाजीपाल्यावर त्याला 2005 सालीच बंदी झाली होती. तेव्हा औषधाच्या रिकाम्या डब्यात तेल, धान्य, पाणी काही भरू नये. डबा तीनदा धुवून, ते पाणी पंपातच ओतून, डब्याला भोके पाडावी. आणि उलट, सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत औषध किंवा पेट्रोल ओतू नये, एका दिवसासाठीसुद्धा नाही. मापाला घरातला चमचा घेऊ नये. उंच फळीवर ठेवले म्हणजे झाले असेही नाही, दोन वर्षांचे पोर खाटेवरून फळीवर चढते. कुलूप हवे.

त्या घरी आता पत्र्याची पेटी आहे. पंपाचे पेट्रोल लोखंडी कॅनमध्ये असते आणि कॅन पेटीत. किल्ली आजीच्या कमरेला असते. फवारणीच्या दिवशी मुलगा ती मागायला आला की नातवाला आधी आत नेऊन बसवल्याशिवाय ती देत नाही.