घरचा पत्ता

सकाळचे साडेसात वाजलेत. वडवणीच्या अलीकडं, बीड-परळी रस्ता सोडून आत वळलं की बालाघाटाच्या उताराला एक वस्ती लागते. तिचं नाव लिहीत नाही, कारण ज्या घरच्या ओसरीवर मी बसले आहे त्यांची गोष्ट फार उघडी आहे. दसरा होऊन आठवडा झालाय. अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी आहे आणि तिच्यात संसार चढतोय: ज्वारीचं पोतं, पत्र्याची पेटी, कोपीसाठी ताडपत्री आणि बांबू, डालग्याखाली दोन कोंबड्या. ऊसतोडीची टोळी आज निघणार. आता उन्हाळा लागेपर्यंत ही माणसं कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असतील.

आजी भिंतीला टेकून बसल्यात. सत्तरी कधीच ओलांडली असेल. नेमकं वय घरात कुणालाच सांगता येत नाही. लुगड्याचा पदर मांडीवर घेऊन त्या त्याला पीळ देतायत, गुंडाळतायत, गाठ मारतायत, सोडतायत. पुन्हा पीळ. बराच वेळ बघितल्यावर माझ्या लक्षात येतं की त्या मोळी बांधतायत. वाढ्याला पीळ देऊन उसाची मोळी आवळतात, अगदी तशीच. आयुष्यभर ऊस तोडलेल्या बाईच्या हातांना ते सगळं अजून ठाऊक आहे.

"आत्याबाई, च्या घ्या," सून कप पुढं करते.

आजी तिच्याकडं निरखून बघतात. "तू कुणाची गं माय?"

"तुमचीच की," सून म्हणते, आणि कप त्यांच्या दोन्ही हातांत नीट बसेपर्यंत आपला हात काढत नाही.

हे तिला कुणी शिकवलेलं नाही. विस्मरण झालेल्या माणसाशी वाद घालू नये, 'ओळखलं का, सांगा मी कोण' अशी परीक्षा घेऊ नये, त्याच्या मनातली भीती आधी शमवावी, हे प्रशिक्षणात शिकवतात. तिनं ते रडून-चिडून, चुका करत स्वतः शोधलंय. मागच्या वर्षी ती सासूवर ओरडायची, असं तीच सांगते. सांगताना मान खाली जाते.

आशाताई येतात. हातात फॉर्म. तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरायचा असतो: तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला बीपी-साखर आहे का. साठीच्या पुढच्यांसाठी त्यात वेगळे प्रश्न आहेत. चालताना तोल जातो का? जेवायला, आंघोळीला, कपडे घालायला दुसऱ्याची मदत लागते का? आणि मग तो प्रश्न.

"जवळच्या माणसांची नावं, नाहीतर घरचा पत्ता विसरतात का?"

"म्हातारपणी कोण विसरत न्हाई ताई? चळ लागलाय म्हणत्यात लोक." सून पदरानं हात पुसते. "परवा रातच्याला उठून नाल्याच्या अंगाला गेल्या. 'घरी जायचंय' म्हणत व्हत्या. घरातच तर व्हत्या की."

आशाताई 'हो'च्या चौकटीत खूण करतात आणि पेन तसंच धरून ठेवतात. मी विचारते, पुढं काय? "पुढं पाठवायचं," त्या म्हणतात. "डॉक्टरांकडं. पण तोवर या बाईनं घरात काय करायचं, ते मला सांगता येत नाही, म्याडम. बाळंतपणातलं काहीही विचारा, रात्री दोनला उठवून विचारा, सांगते. हे नाही."

त्यांच्या आवाजात खंत आहे. सरकारी फॉर्मवर हा प्रश्न आला, हीच मोठी गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं. दिल्लीत कुणीतरी विचार केला, म्हणून आज या ओसरीवर आजींच्या विसरण्याची पहिल्यांदा नोंद झाली. पण 'हो' आल्यावर काय, हे ज्या बाईला माहीत हवं तिच्यापर्यंत ते पोचलेलं नाही.

खरं तर सांगण्यासारखं पुष्कळ आहे. विसरणं अचानक, दोन-चार दिवसांत वाढलं तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग बघायचा. बी-१२ कमी आहे का, थायरॉईड बिघडलंय का, कानाला ऐकू येतंय का, उदासी आहे का, हे तपासायचं, कारण यातलं बरंचसं सुधारता येतं. आणि तपासताना आजींना तारीख विचारायची नाही, वाक्य लिहायला लावायचं नाही. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला परदेशी चाचणी लावली तर शहाणी बाईही नापास होते. म्हणूनच नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांसाठी हिंदीतून निराळी चाचणी बेतली गेली, निरक्षर माणसांना धरून. मी आजींना सहज विचारते, "दसरा झाला का?"

"झाला की," त्या लगेच म्हणतात. "आता गाड्या जुंपायच्या."

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानं साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज मांडला. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. ही आकडेवारी वाचताना मला आजवर तक्ते दिसत होते. आज पदराची गाठ दिसतेय.

डॉक्टर अगदीच लांब आहेत असं नाही. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून जवळ लोखंडी सावरगावला शासनानं वृद्धत्व आणि मानसिक आजारांसाठी केंद्र उभारलं. कोरोनात ती इमारत कोविडच्या रुग्णांना दिली गेली. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आहे, तो मी सुनेच्या मोबाईलमध्ये टाकून देते. पण ट्रॉली आज सुटणार आहे, आणि अंबाजोगाईला नेऊन आणायचं तर एक दिवस लागतो.

"एक जण मागं राहिलं तर?" मी विचारते.

मुलगा दोरी आवळताना थांबतो. "कोयता म्हंजे जोडी असती, बाई. एकट्याचा अर्धा कोयता. आगाऊ उचल पुऱ्या कोयत्याची घेतलीय." मग पुन्हा दोरी आवळायला लागतो.

आजींकडं राहणार आहे ती नात. आठवीत आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांची लेकरं शाळा सोडून फडावर जाऊ नयेत म्हणून या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहं चालतात. पोरांच्या जेवणाची सोय गावातच होते. चांगली योजना आहे, तिनं कितीतरी लेकरांची शाळा वाचवली. पण त्या योजनेमुळं गावात राहिलेली ही मुलगी आता सहा महिने एका विसरणाऱ्या बाईची आई होणार. तिला जेवण आहे. आजींवर नजर ठेवायला, तिला शाळेत जाता यावं म्हणून, कुणी नाही. ज्या गावानं आणि ज्या सरकारनं लेकरांसाठी हंगामाचा हिशेब धरला, त्यांना म्हाताऱ्यांसाठीही तो धरता येईल: शाळेशेजारची एक खोली, दिवसभर दोन शिकवलेल्या बायका, त्यांना पगार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांच्या काळजीवाहकासाठी भत्त्याची तरतूद आहे. पण त्याच कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्मृतिभ्रंश हे नाव नाही. घरात येतात ते श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये.

शिकवलेल्या बायका कुठून आणायच्या, असं कुणी विचारलं तर माझ्याजवळ गोव्याचं उत्तर आहे. तिथं डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बारदेशमधल्या ८१ कुटुंबांत हे करून पाहिलं. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. घरोघर जाणारे सल्लागार साधे होते: शक्यतो बारावी झालेले, कोकणी बोलणारे, आठवडाभराचं प्रशिक्षण घेतलेले. पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ. ते जात, बसत, ऐकत, रोजच्या कामात काय बदलायचं ते सांगत. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांच्या मनावरचं ओझं हलकं झालेलं दिसलं. आठवडाभराचं प्रशिक्षण! आशाताईंसमोर बसून मी हे सांगते तेव्हा त्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतात. लघवी. बी-१२. कान. वाद नाही. मग नातीला हाक मारतात आणि तिच्या वहीतही तेच लिहायला लावतात. "रात्री दाराला वरची कडी," त्या आपल्या पदरचं घालतात, "आणि आजीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात माझा नंबर. मी रोज येता-जाता डोकावते."

ट्रॅक्टर सुरू होतो.

आजी ताडकन उठतात. एवढ्या वेळात त्यांच्यात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं. पदर खोचून त्या थेट ट्रॉलीकडं निघतात. "माझा कोयता कुठंय? गाडी चालली, माझा कोयता द्या!"

सून ट्रॉलीत चढलीय. ती तोंडात पदर कोंबते आणि उतरायला बघते. नवरा तिचा दंड धरतो.

नात पुढं होते. आजीचा हात धरत नाही, ओढत नाही. बाजूनं चालायला लागते.

"आजे, आपली गाडी मागून हाय," ती म्हणते. "तवर भाकरी बांधून घिऊ. चल."

आजी थांबतात. जाणाऱ्या ट्रॉलीकडं बघतात, मग पोरीकडं.

"चटणी घे संगं," त्या म्हणतात. "फडात काय मिळत न्हाई."