पाणी धरणारे छोटे रेणू

परभणी जिल्ह्यातल्या बोरीसारख्या कापूस-सोयाबीनच्या गावात ‘हायड्रोजेल’ हे नाव कानावर आलंच, तर बहुधा कृषी केंद्राच्या काउंटरवर येतं. पाणी शोषून धरणारी पावडर, पेरणीबरोबर मातीत टाकायची. ही जात जुनी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने 1980च्या दशकात स्टार्चपासून ‘जलशक्ती’ बनवली होती. दिल्लीचं पुसा हायड्रोजेलही त्याच कुळातलं. यांत लांबच लांब साखळ्या असतात आणि त्या एकमेकींना पक्क्या बांधलेल्या असतात. पाणी शिरलं की जाळं फुगतं, विरघळत नाही.

कोड्यात टाकतात ती साखळ्याच नसलेली जेलं. 1921 साली अमेरिकेत गॉर्टनर आणि हॉफमन यांनी सिस्टीन या अमिनो आम्लापासून केलेल्या एका छोट्या रेणूचं वर्णन केलं. हजार भाग पाण्यात तो जेमतेम दोन भाग, तरी पाणी थिजलं.

हे घडतं कसं? आज प्रयोगशाळांचा लाडका रेणू घ्या: फेनिलअ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लाची जोडी आणि तिच्या टोकाला ‘एफमॉक’ नावाचा सपाट कड्यांचा गट. अल्कलीत विरघळवला की द्रावण पातळच राहतं, कारण रेणूंवरचा ऋण विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. मग त्यात ग्लुकोनोलॅक्टोन घालतात. सोयाबीनचं तोफू लावायलाही हेच वापरतात. पाण्यात त्याचं सावकाश आम्ल होतं, रेणूंचा भार उतरतो. आता पाण्याला बिचकणारी सपाट कडी एकमेकांवर रचली जातात, हायड्रोजन बंध त्यांना एका दिशेने ओळीत धरतात आणि काही नॅनोमीटर जाडीचे तंतू वाढतात. ते कापसाच्या बोळ्यासारखे गुंतले की पाणी त्यांच्यात अडकून बसतं. शंभरात नव्व्याण्णव भाग पाणीच!

जेल झालं का, हे बघायला कुपी उलटी करायची. खाली ओघळ आला नाही, तर जेल झालं. महागड्या यंत्रांनी भरलेल्या प्रयोगशाळेतही पहिली परीक्षा हीच असते.

रेणूंना जोडणारे हे बंध कच्चे असतात. ढवळलं की तुटतात, आणि काही जेलांत सोडून दिलं की पुन्हा जुळतात. या कच्चेपणातच त्यांची किंमत आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटाने 2015 साली अशी पुन्हा जुळणारी पेप्टाइडांची, म्हणजे जोडलेल्या अमिनो आम्लांची, जेलं मांडली. त्यांतले तंतू अमायलॉइड जातीचे, म्हणजे अल्झायमर-पार्किन्सनमध्ये मेंदूत साचतात त्या घराण्यातले. इथे मात्र त्यांच्यावर मूळपेशी वाढवल्या. औषधांतही उदाहरण आहे. वाढीच्या संप्रेरकाचा अतिरेक झालेल्या रुग्णांना लॅनरिओटाइड देतात. हे आठ अमिनो आम्लांचं पेप्टाइड पाण्यात आपोआप पोकळ नळ्या रचतं. त्याचं जेल सुईतून त्वचेखाली खोल सोडलं की औषध हळूहळू झिरपतं, आणि पुढची सुई सहसा 28 दिवसांनी.

बोरीच्या रानात मात्र हे चालायचं नाही. असली पेप्टाइड ग्रॅमच्या भावाने विकली जातात, आणि मातीतले जिवाणू त्यांचा फडशा पाडतील. कोरडवाहूला लांब साखळ्यांची पावडरच बरी, तीही हिशेब करून. तेव्हा ‘नॅनो जेल’चं चकचकीत पाकीट घेऊन कुणी बांधावर आलंच, तर आधी विचारावं: हेक्टरी किलो किती, आणि रुपये किती?