गाडी कुणाच्या पैशावर उभी असते?

स्वातंत्र्यानंतरची पहिली तीन-साडेतीन दशकं आपल्याकडे मोटारगाडीची विक्री होत नसे, वाटप होत असे. कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, बंगालमधल्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर आणि मद्रासची स्टँडर्ड एवढ्याच गाड्या, आणि त्या किती बनवायच्या हे परवान्यावर लिहिलेलं. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने वाटप सरकारच्या देखरेखीखाली आलं. १९६९ मध्ये सरकारने किमतीही कायद्याने बांधून दिल्या, तेव्हा कारखानदार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. गिऱ्हाइकाने अनामत भरायची, नोंदणीची पावती कपाटात जपून ठेवायची आणि वर्षानुवर्षं नंबराची वाट पाहायची. आकुर्डीहून निघणाऱ्या बजाजच्या स्कूटरचीही हीच गत होती. ज्याला थांबायचं नसे तो नंबर लागलेल्या माणसाला ‘ऑन’, म्हणजे किमतीवर वरचे पैसे, देऊन गाडी घेई. त्या काळाबद्दल बोलताना आपण टंचाई, लायसन्स राज, वशिला हे सगळं बोलतो, पण एक गोष्ट निसटते. थांबण्याचा खर्च कोण सोसत होतं? गिऱ्हाईक. त्याची अनामत कंपनीकडे पडून राही, गाडी नंतर बने. गाडी खरेदीतल्या मनस्तापाचा मागोवा घ्यायचा तर हा धागा धरूनच घ्यायला हवा. गाडी आणि गिऱ्हाईक एकमेकांना भेटेपर्यंत कुणाचा पैसा अडकून पडतो, यावरच शोरूममध्ये माणसाला कशी वागणूक मिळते हे ठरत आलं आहे.

१९८३ मध्ये मारुतीने नोंदणी उघडली तेव्हा गाडी अजून रस्त्यावर आलेली नव्हती. तरीही दोनेक महिन्यांत सव्वा लाखाहून जास्त लोकांनी प्रत्येकी दहा हजार रुपये भरले. १४ डिसेंबर १९८३ रोजी सोडतीत नंबर लागलेल्या दिल्लीच्या हरपाल सिंग यांना इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली मिळाली. गाडी नवी होती, तंत्र जपानी होतं, रांगही पूर्वीपेक्षा सचोटीने लागली, पण आगाऊ पैसा गिऱ्हाइकाचाच होता. ही सवय मोडायला फार वेळ लागला. १९९९ च्या सुरुवातीला इंडिकासाठी आठवडाभरात लाखाहून जास्त लोकांनी पूर्ण रक्कम भरून नोंदणी केली. २००९ च्या एप्रिलमध्ये नॅनोसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले, सुमारे अडीच हजार कोटी रुपये जमा झाले आणि पहिल्या लाखभर गाड्यांसाठी पुन्हा सोडत काढावी लागली.

मधल्या काळात चित्र उलटं झालं होतं. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला, १९९८ मध्ये सँट्रो, मॅटिझ आणि इंडिका पाठोपाठ आल्या, बँका घरी येऊन कर्ज देऊ लागल्या. आता माणूस गाडीसाठी थांबेना, गाडी माणसासाठी थांबू लागली. आणि गाडी थांबते तेव्हा ती कुणाच्या तरी पैशावर उभी असते. कंपनीने हा भार स्वतःकडे ठेवला नाही. कारखान्याच्या दारातून गाडी निघाली की कंपनीच्या हिशेबी ती विकली गेली. महिन्याच्या महिन्याला वर्तमानपत्रांत विक्रीचे जे आकडे येतात ते बव्हंशी डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे असतात, घरी गेलेल्या गाड्यांचे नव्हे. डीलर बँकेच्या कर्जातून कंपनीला पैसे देतो आणि गाडी यार्डात लावतो. डीलरांच्या संघटनेने, ‘फाडा’ने, सप्टेंबर २०२४ साठी दिलेला हिशेब असा होता: देशभरातल्या यार्डांत सुमारे ७ लाख ९० हजार गाड्या, किंमत ७९ हजार कोटी रुपये, आणि विकल्या जायला लागणारा सरासरी काळ ८० ते ८५ दिवस. म्हणजे तिमाहीभराचं व्याज सांगली, लातूर, अकोल्यासारख्या गावांतल्या व्यापाऱ्याच्या अंगावर. डिसेंबर उलटला की उत्पादनाचं वर्ष जुनं होतं आणि त्याच गाडीचा भाव पडतो, तो तोटा वेगळाच. किती गाड्या बनवायच्या हे कंपनी ठरवते, त्या न खपल्याचा भुर्दंड मात्र दुसराच भरतो.

शोरूममधला त्रास इथून सुरू होतो, आणि तो सगळ्यात स्पष्ट दिसतो कोटेशनच्या कागदावर. हा कागद एकदा नीट वाचून पाहावा. सर्वांत वर एक्स-शोरूम किंमत. ही कंपनीने ठरवलेली असते आणि डीलरला तिच्यातून मिळणारा वाटा जेमतेम काही टक्क्यांचा. तिच्याखाली आरटीओ: महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२, त्यावर १३, आणि डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. किंमत दहा लाखांच्या वर गेली की एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर. इथवर कुणाला हात घालता येत नाही. पण त्याच्या खालच्या ओळी पाहा: विमा, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीजचं किट, कोटिंग, वार्षिक देखभालीचं पॅकेज, फास्टॅग आणि कधी कधी ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ या नावाने काही हजार. डीलरची खरी कमाई या खालच्या अर्ध्या कागदावर असते. म्हणून सेल्समन इंजिनबद्दल दोन मिनिटं बोलतो आणि विम्याबद्दल वीस मिनिटं. विमा कुठून घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे, हे विमा नियामकाने २०१७ मध्येच लिहून दिलं. हँडलिंगच्या नावाखाली पैसे घेणं बेकायदा आहे, असं अनेक राज्यांच्या परिवहन खात्यांनी बजावलं. तरी ‘बाहेरचा विमा घेतलात तर डिस्काउंट मिळणार नाही’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येतं. त्या पोराचा लोभ हे याचं कारण नव्हे. त्याच्या मालकाचं व्याज आणि त्याचं स्वतःचं इन्सेंटिव्ह त्या खालच्या ओळींतूनच निघतं. वरच्या ओळीत दोघांनाही पुरेसं काही ठेवलेलंच नाही.

मग निदान स्टॉक ज्याचा आहे त्या डीलरला आपल्या मर्जीने भाव उतरवता यावा, एवढं तरी हवं ना? त्याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आहे. २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ई-मेल आला. मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून होणाऱ्या मारुतीच्या विक्री विभागात ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त सूट देणाऱ्या डीलरला दंड होतो, अशी तक्रार त्यात होती. चौकशीनंतर आयोगाने २३ ऑगस्ट २०२१ रोजी दिलेल्या आदेशात यंत्रणेचं सविस्तर वर्णन आहे. कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जात, जादा सूट मागत, संभाषणाचा पुरावा कंपनीकडे देत, आणि मग डीलरकडून खुलासा मागवून दंड आकारला जाई. दंड डीलरशिपपुरता थांबत नसे, सेल्समन आणि शोरूम व्यवस्थापकापर्यंत जाई. आयोगाने कंपनीला २०० कोटींचा दंड केला; कंपनी अपिलात गेली आणि वसुलीला स्थगिती मिळाली. त्याआधी २०१७ मध्ये ह्युंदाईलाही अशाच कारणावरून ८७ कोटींचा दंड झाला होता, तो पुढच्या वर्षी अपिलीय न्यायाधिकरणाने रद्द केला. कायद्याचा अंतिम निवाडा काहीही होवो, आयोगाने नोंदवलेली यंत्रणा खरी धरली तर धंद्याची रचना उघडी पडते: माल डीलरचा, कर्ज डीलरचं, पण भावाचा लगाम कंपनीच्या हातात. अशा व्यवस्थेत गिऱ्हाइकाशी सरळ बोलणं कुणालाच परवडत नाही.

पर्याय म्हणून आधी आली ती माहिती. इंटरनेटवर गाड्यांची तुलना आणि ऑन-रोड किमती दिसू लागल्या, माणूस तयारीने शोरूममध्ये जाऊ लागला. २०१५ नंतर कार्स२४, स्पिनी यांसारख्या कंपन्यांनी जुन्या गाड्यांत ठरलेला भाव आणि काही दिवसांत गाडी परत करण्याची सोय आणली. ती सोय नव्या गाडीला आजही नाही, हे लक्षात घ्यावं. पण नव्या गाडीच्या बाबतीत खरा बदल केला तो चाकणमध्ये गाड्या जोडणाऱ्या मर्सिडीज-बेंझने, ऑक्टोबर २०२१ मध्ये. तिने डीलर ठेवले, पण त्यांच्या डोक्यावरचा माल काढून घेतला. गाड्या कंपनीच्या मालकीच्या राहतात, बिल कंपनी थेट गिऱ्हाइकाच्या नावाने फाडते, देशभर भाव एकच, आणि डीलरला गाडी दाखवणं, चालवून देणं, हाती सोपवणं यासाठी ठरलेलं कमिशन मिळतं. नागपूरच्या माणसाने पुण्याला फोन करून भाव काढण्याचं कारणच उरलं नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे श्रीमंतांच्या गाड्यांना जमतं. मर्सिडीजने २०२४ मध्ये देशात साडेएकोणीस हजारांच्या आसपास गाड्या विकल्या, आणि २०२४-२५ मधली प्रवासी वाहनांची एकूण विक्री ४३ लाखांवर आहे. मोठ्या कंपन्यांनी ७९ हजार कोटींचा माल स्वतःच्या वहीत घ्यायचा म्हणजे ताळेबंदच बदलेल, हे खरं आहे. पण हाच मुद्दा उलटा करून पाहावा. न खपलेला माल आपल्याच वहीत राहणार हे माहीत असेल तर कंपनी तीन महिन्यांचा साठा बनवेलच कशाला? आज साठा फुगतो तो फुगण्याची किंमत बनवणाऱ्याला मोजावी लागत नाही म्हणून. दुसरा आक्षेप घासाघिशीचा. एकच भाव केला तर गिऱ्हाइकाच्या हातातलं एकमेव शस्त्र जाईल, आणि एका ब्रँडच्या दोन डीलरांमधली स्पर्धा संपेल. ती संपेल, हे मान्य करायला हवं. मी यातला हा तोटा खरा मानतो. पण घासाघिशीचा लाभ कुणाला होतो तेही पाहावं लागेल. ज्याला चेसिस नंबरवरून उत्पादनाचा महिना काढता येतो, ज्याची ओळख आहे, ज्याला महिनाअखेरीपर्यंत थांबता येतं, त्याला. पाडव्याला गाडी दारात हवी म्हणून पहिल्यांदाच शोरूममध्ये आलेल्या शिक्षिकेला किंवा परगावी नोकरीला लागलेल्या मुलाला त्याचा लाभ होत नाही. किंबहुना त्यांच्याच कोटेशनमधून दुसऱ्याची सूट भरून निघते. शिवाय दोन ब्रँडांमधली स्पर्धा ही मोठी स्पर्धा आहे, आणि कागदाचा खालचा अर्धा भाग धूसर असेपर्यंत ती होऊच शकत नाही. ज्या दोन गाड्यांची पूर्ण किंमत कळत नाही त्यांची तुलना कशी करायची?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि तो उलट्या बाजूने येतो: डीलर हवाच कशाला? अमेरिकेत अनेक राज्यांच्या कायद्याने कंपनीला थेट विक्री करता येत नाही. टेस्लाचं मुख्यालय ऑस्टिनला असूनही टेक्सासमध्ये तिला ही अडचण आहे. आपल्याकडे तशी आडकाठी नाही, म्हणून जुलै २०२५ मध्ये तिने वांद्रे-कुर्ला संकुलात स्वतःचं दुकान उघडलं. पण मधला माणूस नुसता काढून टाकला की काय होतं ते आपण स्कूटरमध्ये पाहिलं आहे. ओला इलेक्ट्रिकने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये दोन दिवसांत अकराशे कोटींच्या स्कूटर ऑनलाइन विकल्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात तिच्याविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या. त्यांत दुरुस्तीला लागणाऱ्या विलंबाच्या तक्रारींचा भरणा मोठा होता. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने व्यवसाय प्रमाणपत्राविना चालणाऱ्या तिच्या दुकानांवर कारवाईही केली. खरेदीच्या दिवसाचा मनस्ताप वाचला आणि तो दुरुस्तीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. गाडी दहा-पंधरा वर्षं चालवायची असते. नगरला घाटात गिअर अडकला तर ॲपमध्ये तक्रार नोंदवून भागत नाही, ओळखीचा वर्कशॉप लागतो, आणि वर्कशॉप गावातच असावा लागतो. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा कंपन्यांना सुटे भाग खुल्या बाजारात न मिळू देण्यावरून सुमारे अडीच हजार कोटींचा दंड केला होता तो याच कारणाने महत्त्वाचा: विक्री थेट झाली आणि सुटे भागही कंपनीच्याच मुठीत राहिले, तर गिऱ्हाइकाला कुठेच दार उरत नाही.

आणि डीलरचं काय? सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, तेव्हा फाडाच्या हिशेबाने १७० डीलरांची सुमारे दोन हजार कोटींची गुंतवणूक आणि चाळीसेक हजार लोकांचा रोजगार टांगणीला लागला. त्याच्या चार वर्षं आधी जनरल मोटर्सनेही इथली विक्री बंद केली होती. डीलरांना संरक्षण देणारा कायदा हवा, ही त्यांची मागणी तेव्हापासून आहे, आणि ती रास्त आहे. फक्त त्या कायद्याने अमेरिकेसारखी थेट विक्री अडवू नये. कंपनी निघून गेली किंवा तिने जादा माल ढकलला तर तो परत घ्यायला तिला बांधील करावं, आणि हाती सोपवणं व देखभाल या कामांचा मोबदला उघडपणे ठरवावा, म्हणजे तो खालच्या ओळींतून काढावा लागणार नाही.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातून आज दोन प्रकारच्या गाड्या ट्रेलरवर चढतात. एकीवर गिऱ्हाइकाचं नाव पडेपर्यंत ती कंपनीच्या वहीत असते. दुसरी फाटकाबाहेर पडते तेव्हाच कंपनीच्या लेखी विकली गेलेली असते, आणि कुठल्या तरी जिल्ह्याच्या गावी एका डीलरच्या खात्यावर तिचं व्याज चालू झालेलं असतं. पुढच्या महिन्यात त्या शोरूममध्ये जो कोणी पाऊल टाकेल, त्याच्या कोटेशनच्या खालच्या ओळी तिथेच लिहायला घेतल्या जातात.