नंबरप्लेटवरचा अंगठा

समजा, तुम्हाला सेकंडहँड गाडी घ्यायची आहे. रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर जाहिराती चाळत बसला आहात. पहिल्या फोटोत गाडीची मागची बाजू आहे आणि नंबरप्लेटवर कुणाचा तरी भला मोठा अंगठा. दुसरी गाडी छान चकाकतेय, पण नीट बघितलं तर ती ओली आहे, खाली पाणी साचलंय. तिसरीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी आरतीचं ताट घेतलेल्या आजी. म्हणजे गाडी शोरूममधून घरी आली त्या दिवसाचा फोटो, आणि खाली मॉडेल लिहिलंय 2014 चं! चौथ्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. भारतात. पाचव्या जाहिरातीत गाडी जवळपास नाहीच. नुसता आरसा, आणि त्यात फोटो काढणाऱ्याचं पोट.

तुम्ही हसता आणि पुढे सरकता. गाडी घेणाऱ्याने असं केलं तर चालतं. संशोधन करणाऱ्याने केलं तर काय होतं, ते सांगण्यासाठी ही पोस्ट.

माझा विषय जुन्या वस्तूंच्या बाजारात विक्रेते माहिती कशी देतात (आणि कशी देत नाहीत) हा आहे. पायलट स्टडीसाठी गाड्यांच्या जाहिराती गोळा केल्या. डेटा साफ करायचा असतो हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं, म्हणून मीही साफ केला. धूसर, उलटे, अर्धवट, दुसऱ्याच गाडीचे, हारवाले असे सगळे फोटो ‘कचरा’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकले आणि त्या जाहिराती यादीतून उडवल्या. उरलेला डेटा इतका देखणा दिसत होता की मी खुशीत गाईडकडे गेले. सरांनी आलेख बघितले आणि एकच विचारलं, “उडवलेल्या गाड्या कुठल्या होत्या?” मला सांगता आलं नाही. त्यांची किंमत, वर्ष, रनिंग, काहीच मी ठेवलं नव्हतं. दीड महिन्याचं काम परत करावं लागलं.

सरांच्या प्रश्नाचं वजन कळायला थोडं मागे जाऊ.

जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा सगळ्यात गाजलेला पेपर जॉर्ज अकरलॉफ यांचा, 1970 चा. अर्थशास्त्र विषय असेल तर नेट-सेटसाठी हे नाव पाठ केलेलं असेल. कल्पना साधी आहे. समजा, बाजारात एकाच मॉडेलच्या दोन प्रकारच्या गाड्या आहेत, काही खऱ्या 4 लाखांच्या आणि काही खऱ्या 2 लाखांच्या. मालकाला आपली कुठली ते माहीत आहे, घेणाऱ्याला नाही. घेणारा मधली किंमत धरतो, 3 लाख. 4 लाखांच्या गाडीचा मालक म्हणतो, राहू दे, मीच वापरतो. तो बाजारातून गेला की उरलेल्या गाड्यांची सरासरी घसरते, घेणारा आणखी कमी बोली लावतो, आणि शेवटी खराब गाड्याच उरतात. अशा खराब गाडीला अमेरिकेत ‘लेमन’ म्हणतात, म्हणून पेपरच्या नावात लिंबू आहे. (आपल्याकडे गाडीला बांधतात त्या लिंबू-मिरचीशी याचा संबंध नाही. माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये एकाने हे मनापासून विचारलं होतं.) हा पेपर तीन जर्नलांनी नाकारला होता. पुढे 2001 मध्ये अकरलॉफ यांना नोबेल मिळालं, स्पेन्स आणि स्टिगलिट्झ यांच्याबरोबर. तुमचा पेपर परत आला तर हे आठवायला हरकत नाही. मात्र आपला पेपर परत येण्याची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात.

आता यात फोटो आणा. चांगल्या गाडीचा मालक म्हणेल, मी गप्प का बसू? दाखवतोच गाडी. 1981 मध्ये ग्रॉसमन आणि मिलग्रॉम यांनी, वेगवेगळ्या पेपरांत, याच्या पुढची पायरी मांडली. मार्कशीटचं उदाहरण घ्या. वर्गात मार्क सांगायची सक्ती नाही, पण सांगायचे तर खरेच सांगावे लागतात. 90 वाला लगेच दाखवतो. मग गप्प बसलेले सगळे 90 च्या खालचे, हे उघड झालं. त्यांच्यातला 85 वाला अस्वस्थ होतो, कारण लोक त्याला 60 वाल्यांत मोजतायत. तोही दाखवतो. मग 80 वाला. असं करत करत अगदी शेवटचा सोडून सगळेच मार्कशीट काढतात. गप्प बसणं म्हणजेच वाईट बातमी ठरते.

या तर्काने बघितलं तर नंबरप्लेटवरचा अंगठा म्हणजे कबुलीजबाबच. काहीतरी लपवतोय, लिहा ‘लबाड’, विषय संपला.

पण थांबा. त्या तर्कात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: दाखवायला काही खर्च येत नाही. प्रत्यक्षात येतो. चांगला कॅमेरा नसतो. गाडी अरुंद गल्लीत लावलेली असते, मागे सरकून पूर्ण गाडी फ्रेममध्ये घ्यायला जागाच नसते. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उजेड नसतो. काकांनी पुतण्याला सांगितलेलं असतं, “टाक रे जरा ऑनलाइन,” आणि पुतण्याने मिळेल तो फोटो टाकलेला असतो. म्हणजे एकाच विचित्र फोटोमागे ‘दाखवायचं नाही’ हेही असू शकतं आणि ‘दाखवता आलं नाही’ हेही. माझ्या थिसिसचा निम्मा जीव या दोन शक्यता वेगळ्या करण्यात अडकलाय.

यावर ग्रेगरी लुइस यांचा ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मधला 2011 चा पेपर जरूर वाचा. त्यांनी ईबे मोटर्सवरच्या गाड्यांच्या लिलावांचा डेटा घेतला. विक्रेत्याने पानावर दिलेले फोटो आणि मजकूर किमतीवर ठळक परिणाम करतात, आणि माहिती टाकण्याचा खर्च बदलला की किती माहिती दिली जाते तेही बदलतं आणि किंमतही, असं त्यांना दिसलं. त्यांचा मुद्दा असा की पानावर दाखवलेली गाडी हा एक करारच असतो: जी दाखवली तीच, लिलावात ठरलेल्या किमतीला द्यायची.

इथे एक खड्डा आहे, आणि प्रपोजल लिहिताना आपल्यातले बरेच जण त्यात पडतात. “असा अभ्यास भारतात झालेला नाही, म्हणून मी करतो.” अहो, पण इथल्या जाहिरातीत लिलाव नाही, करारही नाही. फोटो बघून कुणी पैसे पाठवत नाही (पाठवू तर नयेच, लष्करात असल्याचं सांगून, गणवेशातला फोटो दाखवून आगाऊ पैसे उकळणारे भामटे ठाऊक असतीलच). आपण फोन करतो, ओळखीचा मेकॅनिक घेऊन जातो, एक चक्कर मारतो. आपल्याकडे फोटो म्हणजे ‘या, बघून जा’ एवढंच. मग फोटोचं काम किंमत ठरवणं आहे की फोन यायला लावणं? प्रश्नच बदलला. बदललेला प्रश्न नीट मांडता आला तर ते प्रपोजल.

आता अंगठ्याकडे वळू. दोन रकाने करा. एकात निरागस कारणं, दुसऱ्यात संशयास्पद. निरागस: गाडीचा नंबर सगळ्या जगाला कशाला दाखवायचा, कुणी गैरवापर केला तर? ही भीती अगदी रास्त आहे. संशयास्पद: नंबर दिसला की आरटीओ कळतं, आणि सरकारच्या वाहन पोर्टलवर नोंदणीचं वर्ष, विमा असं बरंच काही तपासता येतं. शिवाय गाडी परराज्यातली असू शकते. दिल्ली-एनसीआरमध्ये 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती कायम ठेवली. नियम पुढेही बदलत राहिले. मुदत जवळ आलेल्या अशा गाड्या दुसऱ्या राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. ‘डीएल’ दिसलं की पुण्यातला माणूस आधी एनओसी, पुन्हा नोंदणी आणि रोड टॅक्सचा हिशोब करतो. तो हिशोब पहिल्याच फोटोत होऊ नये असं विक्रेत्याला वाटू शकतं.

दोन्ही कारणं पटतात. मग ठरवायचं कसं? फोटोकडे अजून रोखून बघून काही होणार नाही. फोटोबाहेर काय बघता येईल ते शोधा. त्याच विक्रेत्याच्या बाकीच्या जाहिरातींत प्लेट झाकलेली आहे का? सगळीकडे असेल तर ती सवय. एकाच गाडीवर असेल तर भुवई उंचवा. असं शोधताना मला अचानक दुसरंच सापडलं. वेगवेगळ्या नावांच्या, ‘सिंगल ओनर, घरची गाडी’ म्हणवणाऱ्या जाहिरातींत मागे तीच निळी कंपाउंड वॉल आणि तोच तुटका गेट. मालक नव्हे, डीलर! हे गाडीकडे बघून कधीच कळलं नसतं.

ओल्या गाडीचंही तसंच. पाण्याचा थर बारीक ओरखड्यांत भरतो, प्रकाश कमी विखुरतो, रंग गडद आणि एकसारखा दिसतो. म्हणून ओली गाडी नवी वाटते. पण विकायची गाडी फोटोआधी कोण धुणार नाही? आणि काही गोष्टी तर कुठल्याच फोटोत मावत नाहीत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. पाण्यात गेलेली गाडी ओळखायची तर सीटखालच्या रुळांतला गाळ, गंजलेले बोल्ट आणि कुबट वास बघावा लागतो. सीटखालचा फोटो जाहिरातीत कोण टाकतं?

म्हणून कोडिंग करताना एक सवय लावा. कोडबुकात हेतू लिहू नका, दिसतं ते लिहा. ‘फसवा फोटो: हो/नाही’ असा रकाना माझ्या पहिल्या कोडबुकात होता, आता आठवलं तरी लाज वाटते. आता आहे ‘नंबरप्लेट: उघडी / झाकलेली / फ्रेममध्ये नाही’. आणि हे दोघांनी स्वतंत्रपणे भरायचं. नुसतं ‘आमचं 85 टक्के जुळलं’ म्हणून खूश होऊ नका. समजा, दोघेही फोटो न बघता, अंदाजाने, 100 पैकी 90 वेळा ‘उघडी’ लिहितायत. तरी साधारण 82 वेळा उत्तर जुळेल (0.9 गुणिले 0.9, अधिक 0.1 गुणिले 0.1). कोहेन यांनी 1960 मध्ये दिलेला कप्पा हा निर्देशांक हे योगायोगाचं जुळणं वजा करतो. त्या हिशोबाने 85 टक्के म्हणजे फारच थोडं.

आता परत माझ्या कचरा फोल्डरकडे. रुबिन यांनी 1976 मध्ये गहाळ डेटाबद्दल जे मांडलं त्याचा आपल्यापुरता अर्थ असा: माहिती नसण्याचा संबंध त्या न दिसणाऱ्या माहितीशीच असेल, तर उरलेल्या डेटावरून काढलेलं उत्तर वाकडं येतं. डेंट असलेल्या बाजूचा फोटो नाही, कारण तिथे डेंट आहे. अशा जाहिराती उडवल्या की उरतात नीटनेटक्या विक्रेत्यांच्या नीटनेटक्या गाड्या, आणि निष्कर्ष निघतो की बाजारात सगळं आलबेल आहे.

याच्या उलटी चूकही होते. समजा, एखाद्या शहरात रोज 10 नीट फोटोंच्या आणि 10 विचित्र फोटोंच्या जाहिराती लागतात. पहिल्या 3 दिवसांत विकल्या जाऊन उतरतात, दुसऱ्या 30 दिवस पडून राहतात. तुम्ही कुठल्याही एका दिवशी साइट उघडली तर 30 नीट आणि 300 विचित्र जाहिराती दिसतील. प्रत्यक्षात लागतात निम्म्या-निम्म्या! हॉस्पिटलच्या वॉर्डात एका दिवशी डोकावलं तर दीर्घ मुक्कामाचे पेशंटच जास्त दिसतात, तसं. एका दिवसात डेटा गोळा करून ‘बहुतांश जाहिरातींचे फोटो असे’ हे वाक्य लिहिणार असाल तर हात आवरा. जाहिरात कधी लागली, कधी उतरली, ही नोंद रोज ठेवावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण शॉर्टकट मला तरी सापडला नाही.

साफसफाई कधीच करायची नाही असं मात्र नाही. टिमनिट गेब्रू आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये स्ट्रीट व्ह्यूच्या 5 कोटी चित्रांतल्या गाड्या ओळखून अमेरिकेतल्या 200 शहरांतल्या वस्त्यांची सामाजिक रचना अंदाजली. गाड्यांची मॉडेल्स शिकवायला त्यांनी विक्रीच्या जाहिरातींतले फोटोही वापरले. त्यांना गाडी ओळखायची होती, तिथे अंगठा मध्ये येतो. मला अंगठाच हवाय.

आणि त्या आजी. गाडी विकणाऱ्याने फोटो टाकला, आजींनी नाही. थिसिसमध्ये किंवा सेमिनारच्या स्लाइडवर असे फोटो जसेच्या तसे लावू नका. चेहरे, नंबर, घराची पाटी झाका. एथिक्स कमिटीकडे जायच्या आधीच हे लिहून ठेवा.

दुसऱ्या फेरीत हारवाल्या फोटोंना मी वेगळा रकाना दिला. माझ्याबरोबर कोडिंग करणारी मैत्रीण म्हणते, आजची अवस्था लपवायला जुना फोटो टाकतात. माझं म्हणणं, घरात गाडीचा तेवढा एकच चांगला फोटो असतो. दोघींनी आधी भाकीत लिहून ठेवलंय: तिचं खरं असेल तर हारवाल्या जाहिरातींत बाकीचे फोटोही कमी असतील, माझं खरं असेल तर हार एका फोटोत आणि बाकी गाडी सगळ्या बाजूंनी दाखवलेली. मोजणी चालू आहे. हरणाऱ्याने मिसळ द्यायची आहे.