ओहोटीच्या वाळूवर पहिली सायकल

चाळिशी-पन्नाशीत सायकल शिकायला निघालेल्या माणसापुढे दोन अडचणी असतात. पहिली जागेची. गावातला रस्ता अरुंद, त्यावर डंपर आणि पर्यटकांच्या गाड्या, आणि शाळेच्या मैदानावर मुलांचं क्रिकेट. दुसरी अडचण माणसांची. लहान मूल धडपडलं तर कोणी वळून बघत नाही. पण मावशी सायकलवरून डगमगल्या की चहाच्या टपरीवरचे चार जण उठून उभे राहतात आणि चौघांची चार मतं असतात. पुष्कळ जण शिकणं सोडतात ते पडण्यापेक्षा या दुसऱ्या अडचणीपायी. मग बाजार, एसटी थांबा, दवाखाना या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी कायम कोणाच्या तरी मागच्या सीटवर बसणं आलं.

रायगडच्या किनारपट्टीवर पहिल्या अडचणीचं उत्तर समुद्रच देतो, तेही दिवसातून दोनदा. भरतीचं पाणी उतरलं की अलिबाग, वरसोली, नागावसारख्या किनाऱ्यांवर ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या जातात त्या याच वाळूवरून. पुळणीच्या वरच्या भागातल्या कोरड्या वाळूत जी सायकल चार फूटही ढकलवत नाही, ती या पट्ट्यावर सहज चालते.

कारण वाळूपेक्षा पाण्यात आहे. दोन कणांमध्ये पाण्याचा बारीकसा थेंब अडकला की पृष्ठताण त्या कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. कोरड्या वाळूत हा बांध नसतो, म्हणून चाक रुततं. पूर्ण भिजलेल्या वाळूची गंमत आणखी वेगळी आहे. पाय टेकवला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडल्यासारखी फिकट दिसते. ऑसबर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने 1885 मध्ये याचं कारण सांगितलं. दाटीवाटीने बसलेल्या कणांना हलायचं झालं तर आधी एकमेकांपासून थोडं दूर सरकावं लागतं. त्यांच्यातली पोकळी वाढते, वरचं पाणी आत ओढलं जातं आणि तेवढा वेळ वाळू कडक होते. बारीक कणांची, कमी उताराची पुळण अशी घट्ट असते. जाड कणांच्या पुळणीचा उतार तीव्र असतो आणि ती भुसभुशीत राहते. माल्कम कॅम्पबेलने 1935 मध्ये अमेरिकेतल्या डेटोना बीचच्या वाळूवर मोटार ताशी 276 मैलांनी पळवली, तीसुद्धा अशाच सपाट, घट्ट किनाऱ्यावर.

तेव्हा सायकल नेण्याआधी चालून पाहावं. पाऊल टेकल्यावर फिकट कडं उमटतं आणि टाच रुतत नाही, ती जागा चांगली. पाणी अजून पाझरत वाहतंय, पाय थुलथुलतो, ती टाळावी. लाटांनी उठवलेल्या वळ्यांवर नवख्याचं हँडल थरथरतं, म्हणून तेवढा भाग सोडून द्यावा. पावसाळ्यात लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या महिन्यांत हा विषयच नको.

वेळ मात्र घड्याळापेक्षा पंचांगावर ठरते. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. त्या दिवशी सकाळी सायकल घेऊन गेलेला माणूस पाणी बघून परत येतो. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सुमारे सव्वासहा तास आधी आणि तितकीच नंतर, म्हणजे पहाटे पाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे सकाळी शिकणाऱ्याला प्रतिपदा ते तृतीया हे दिवस सोयीचे, संध्याकाळवाल्याला त्रयोदशी ते प्रतिपदा. शिवाय हे उधाणाचे दिवस असतात. पाणी खूप आत जातं आणि पट्टा सर्वात रुंद मिळतो. भांगाच्या दिवसांत तो अरुंद असतो. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रकही पाहून घ्यावं.

एक गोष्ट विसरू नये. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी हळू चढतं, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून भरतीचं जवळजवळ निम्मं पाणी वर येतं. सरावाला ओहोटीच्या आधी-नंतरचा दीडेक तास पुरेसा आहे. उत्साहाच्या भरात किल्ल्याच्या दिशेने लांब जाऊ नये.

आता सायकल. ती उभी राहते ती चाकांच्या भिंगरीसारख्या फिरण्यामुळे, असा समज सार्वत्रिक आहे आणि तो अपुरा आहे. 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात काही संशोधकांनी अशी सायकल दाखवली, जिच्यात फिरत्या चाकांचा परिणाम रद्द केला होता. तरीही ढकलून सोडल्यावर ती स्वतःला सावरत होती. सावरण्यात कळीची गोष्ट आहे ती पडत्या बाजूला हँडल वळणं. सायकल उजवीकडे कलली की पुढचं चाक थोडं उजवीकडे गेलं पाहिजे, म्हणजे चाकं पुन्हा अंगाखाली येतात. नवख्याची भीती नेमकं उलटं करायला लावते. तो हँडल पडण्याच्या विरुद्ध बाजूला खेचतो आणि हमखास पडतो. त्यातच घाबरून वेग इतका कमी ठेवतो, की सावरायला वावच उरत नाही.

म्हणून मोठ्यांनी पायडल मारण्यापासून सुरुवातच करू नये. दोन्ही पायडल काढून टाकावेत (डावा पायडल उलट्या आट्याचा असतो, इथे भल्याभल्यांचा पाना घसरतो). सीट इतकी खाली घ्यावी की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. मग पायांनी वाळू मागे रेटत चालायचं, हळूहळू ढांगा लांबवायच्या आणि पाय उचलून घसरत जायचं. आठ-दहा सेकंद पाय वर राहू लागले की तोल आला असं समजावं. पायडल नंतर लावले तरी चालतात. कॅरियर धरून मागे धावणारा नवरा किंवा भाऊ प्रेमाने धावत असतो, पण तोल तो सांभाळत असतो. शिकणाऱ्याच्या हातांना काहीच कळत नाही.

सल्ल्यांचंही तसंच आहे. ‘समोर बघा’, ‘हँडल घट्ट धरा’, ‘कंबर ताठ’, ‘जोरात मारा, जोरात!’ यातल्या एखाद्या वाक्यात तथ्य असेलही, पण चारही एकदम आली तर माणूस स्वतःच्या अवयवांवर पहारा करू लागतो. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये स्कीइंगची हालचाल शिकवणाऱ्या यंत्रावर प्रयोग केला. ‘पायाकडे लक्ष द्या’ असं सांगितलेल्यांपेक्षा ‘पायाखालच्या फळीच्या चाकांकडे लक्ष द्या’ असं सांगितलेले चांगलं शिकले. लक्ष शरीराबाहेर असलं की शरीर आपलं काम बरं करतं. प्रत्येक खेपेला चूक दाखवून दिली तर त्या वेळी कामगिरी सुधारते, पण नंतर एकट्याने करताना ती टिकत नाही, असंही या क्षेत्रातल्या संशोधनात 1984 पासून मांडलं गेलं आहे.

पण लोकांना गप्प कसं करायचं? वाद घालून नाही. आजचं काम एका वाक्यात सांगून टाकावं: ‘काका, आज फक्त ब्रेक शिकतेय.’ ऐकणाऱ्याचा मान राहतो आणि उरलेले तीन सल्ले आपोआप गळतात. सोबतीला एकच माणूस ठरवावा, आणि त्यानेही विचारल्याशिवाय बोलू नये. किनाऱ्यावरच्या माणसांचं सगळंच बाजूला सारायचं असं मात्र नाही. वाळू कुठे खचते, पाणी कोणत्या बाजूने वळसा घेऊन येतं, हे तिथल्या कोळी बांधवांना विचारूनच कळतं. ‘मागून घोडागाडी येतेय’ हा सल्ला तर ताबडतोब मानावा.

चारचौघांत शिकण्याचा संकोच घालवण्याचा आणखी एक मार्ग तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याने दाखवला आहे. 1991 च्या सुमारास साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकथ यांनी सायकल शिकणंही आणलं आणि हजारो ग्रामीण स्त्रिया एकत्र शिकल्या. टोमणे त्यांनाही ऐकावे लागले. पण मैदानात चाळीस जणी डगमगत असल्या की टोमणा नेमका कोणाला मारायचा? लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं, हा त्यांना फायदाच वाटला.

ओली वाळू घट्ट असते, म्हणजेच ती गादी नव्हे. तोल जाताना माणूस हात पुढे टेकतो आणि मनगटाचं हाड मोडतं. रजोनिवृत्तीनंतर हाडं विरळ झालेल्या स्त्रियांत हा धोका जास्त. जाड हातमोजे, हेल्मेट आणि खाली घेतलेली सीट यांवर काटकसर नको. पूर्वी किरकोळ पडण्याने हाड मोडलेलं असेल, चक्कर येत असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. ओढणी आणि साडीचा पदर खोचलेला असावा.

सराव वीस-पंचवीस मिनिटांचा, पण शक्यतो रोज. ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना बॅडली आणि लाँगमन यांना 1978 मध्ये आढळलं, की रोज एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास सर्वात कमी लागले. मौज म्हणजे समाधानही त्यांनाच सर्वात कमी होतं, कारण दिवस जास्त लागत होते.

दिवेआगर, हरिहरेश्वरकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं भरतीरेषेच्या वर अंडी घालतात. सायकल ओल्या पट्ट्यावरच ठेवावी, वर नेताना हाताने ढकलत न्यावी. आणि घरी गेल्या गेल्या ती गोड्या पाण्याने धुऊन, पुसून चेनला तेल द्यावं. खारं पाणी रात्रभर राहिलं, तर पुढच्या उधाणापर्यंत ब्रेकच्या तारा गंजून बसतात.