वंगणाचें मूळ तेल

शिवणयंत्र कुरकुरूं लागलें म्हणजे स्वयंपाकघरांतील तेलाचे दोन थेंब त्यांत सोडण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. यंत्र तेवढ्यापुरतें मुकाट्यानें चालतें. परंतु करडईसारखें तेल हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून चिकट होतें, आणि कांहीं महिन्यांनीं तेंच चाक अडवून धरतें. वंगणाला नुसता बुळबुळीतपणा पुरत नाहीं; टिकाऊपणाहि लागतो. तो येतो कोठून?

मोटारीच्या वंगणांत बहुधा दहांपैकीं आठ-नऊ भाग मूळ तेलाचे असतात. बाकीचीं पूरक रसायनें. हें मूळ तेल अशुद्ध खनिज तेलांतून निवडून काढावें लागतें. प्रथम पेट्रोल, रॉकेल, डीझेल उकळून वेगळें करतात. खालीं उरलेला जड भाग तसाच अधिक तापविला, तर त्याचे रेणु फुटूं लागतात. म्हणून पात्रांतील दाब अगदीं कमी करतात. महाबळेश्वरीं पाणी मुंबईपेक्षां कमी उष्णतेवर उकळतें, तोच हा न्याय.

पुढें फर्फ्युरल नांवाचा द्रावक लवकर बिघडणारीं द्रव्यें विरघळवून नेतो. हा द्रावक मक्याचीं बुरकुंडें किंवा उसाचीं चिपाडें यांपासून होतो, हें ऐकून आपणांस नवल वाटेल! थंडींत खोबरेल थिजतें, तसें मेणयुक्त वंगणहि थिजेल. यास्तव तेल शून्याखालीं थंड करून मेणाचे स्फटिक गाळून घेतात. नव्या पद्धतींत हायड्रोजनच्या योगानें नको त्या रेणूंची घडणच बदलतात. मुंबईंत माहुल येथें हिंदुस्थान पेट्रोलियमच्या कारखान्यांत मूळ तेल तयार होतें.

तापल्यावर प्रत्येक तेल पातळ होतें, पण किती? १९२९ सालीं डीन व डेव्हिस यांनीं त्याचें माप ठरविलें. पेनसिल्व्हानियाच्या तेलास १०० आणि मेक्सिकोच्या आखाताकडील तेलास ० अंक दिला. अंक मोठा, तितकें पातळ होणें कमी. अतिशुद्ध तेलांचा अंक आज १२० च्याहि वर जातो. केवळ दाट दिसणारें तेल चांगलें, ही समजूत म्हणूनच खरी नव्हे.

आणखी एक गोष्ट. वापरून काळें पडलेल्या वंगणांतील मूळ तेल बहुतांशीं शाबूत असतें. तें पुन्हां शुद्ध करतां येतें. असें तेल गटारांत ओतणें म्हणजे पाणी नासवून हातचा ऐवजहि दवडणें होय. तें झांकणाच्या डब्यांत सांठवून अधिकृत पुनःशुद्धीकरणाकडे जाईल, एवढी काळजी प्रत्येक गृहस्थानें घ्यावी.